उपऱ्यांच्या बेटावरचे मूळ रहिवासी

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याकडे निघालं की रस्ता उसातून जातो. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा ऊस आणि फडाच्या मधोमध काळ्या दगडांचे रचून ठेवलेले प्रचंड ढिगारे. नवख्या माणसाला ते एखाद्या जुन्या किल्ल्याचे ढासळलेले बुरूज वाटतात. प्रत्यक्षात ते शेतातून वेचून काढलेले धोंडे आहेत. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, वय सुमारे ऐंशी लाख वर्षं. जमिनीत कुदळ मारावी तिथे बसाल्ट लागतो. ऊस लावायचा तर आधी दगड उपसणं आलं, आणि ते उपसले गेले माणसांच्या हातांनी. आधी मादागास्कर आणि मोझांबिकहून पकडून आणलेल्या गुलामांच्या, नंतर हिंदुस्थानातून करारावर आलेल्या मजुरांच्या. यंत्रं आली ती फार उशिरा.

या दगडाशी आपलं नातं आहे, आणि तेही भूगर्भातलं. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या उष्ण स्रोतातून लाव्हा उसळून दख्खनचं पठार आणि सह्याद्री घडला, तोच स्रोत आज मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटाखाली धुमसतो आहे. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, स्रोत जागच्या जागी राहिला आणि त्याच्या माथ्यावर एकामागून एक बेटं उभी राहिली. मालदीव, चागोस, मॉरिशस आणि सगळ्यांत शेवटी रियुनियन. रायगडाचा कडा आणि मॉरिशसच्या फडातला धोंडा असे एकाच भट्टीतले आहेत.

गाडीच्या खिडकीतून दिसणारं बाकी सारंही ओळखीचं. आंबा, फणस, अंगणात जास्वंद. विजेच्या तारेवर साळुंक्या. झुडपात तुरेवाला शिपाई बुलबुल. एका वळणावर तर मुंगूस आडवं गेलं आणि गाडीतल्या सगळ्यांना शुभशकुन झाल्याचा आनंद झाला. आम्हाला घेऊन निघालेले सारथी मात्र हसले. साठीच्या घरातले हे काका जन्माने मॉरिशसचे, वंशाने मराठी. ते म्हणाले, "यातलं इथलं काहीच नाही. सगळं बाहेरून आणलेलं आहे."

खरंच नाही. साळुंकी १७६२ मध्ये टोळांचा बंदोबस्त करायला फ्रेंचांनी हिंदुस्थानातून आणली. मुंगूस १९०० च्या सुमारास प्लेगच्या दिवसांत उंदीर मारण्यासाठी आलं. शिपाई बुलबुल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येऊन सुटला. हरणं आणि माकडं जावाकडची. ऊसही जावाचाच. आणि माणूस? अरब आणि पोर्तुगीज दर्यावर्दींना बेट ठाऊक होतं, पण वस्ती कुणीच केली नव्हती. मॉरिशसमध्ये आदिवासी नावाची गोष्टच नाही. इथला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या जहाजातून उतरलेल्याचा वंशज. मग या बेटाचं स्वतःचं असं काय उरलं आहे, ते पाहायला आम्ही निघालो होतो.

सिंहासारखा बसलेला लायन माउंटन दिसू लागला की व्यू ग्रां पोरचा उपसागर येतो. मॉरिशसचा लेखी इतिहास इथून सुरू होतो. सप्टेंबर १५९८ मध्ये वायब्रांद वान वारवाइक याच्या हाताखालची डच जहाजं या उपसागरात शिरली. त्यांनी बेटाला आपल्या राजपुत्राचं, मॉरिट्सचं नाव दिलं. कायमची वस्ती मात्र १६३८ मध्ये झाली. पुढच्याच वर्षी जावाहून ऊस आणि हरणं उतरवली गेली. १६४२ मध्ये आबेल तास्मान दक्षिणेकडचा अज्ञात भूभाग शोधायला निघाला, तेव्हा महिनाभर इथेच थांबून त्याने जहाजं डागडुजी करून घेतली. पुढे त्याला जे बेट सापडलं, ते आज टास्मानिया म्हणून ओळखलं जातं.

डचांच्या फ्रेडरिक हेंड्रिक किल्ल्याचे अवशेष किनाऱ्यालगत आहेत. गुडघाभर भिंती, चौथरे आणि शेजारी एक छोटं संग्रहालय. एवढ्याशा जागेत बसून डचांनी बेटाचा कायापालट केला. त्यांना हवं होतं एबनी, म्हणजे काळंभोर, जड, गुळगुळीत लाकूड. आपल्या विड्यांच्या पानांचा तेंदू याच कुळातला. युरोपात या लाकडाला सोन्याचा भाव होता. ते तोडण्यासाठी गुलाम आणले गेले, त्यातले बरेच पळून जंगलात गेले. जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी पिकं फस्त केली, चक्रीवादळांनी घरं उडवली. डचांनी एकदा बेट सोडलं, परत आले आणि १७१० मध्ये कायमचा काढता पाय घेतला. मागे उंदीर, डुकरं, माकडं आणि हरणं ठेवून गेले.

आणि एक जण कायमचा गेला होता. डोडोला पहिल्यांदा माणसांनी पाहिलं १५९८ मध्ये. त्याच्या शेवटच्या, बहुतेक अभ्यासकांना मान्य असलेल्या दर्शनाची नोंद १६६२ ची आहे. जेमतेम चौसष्ट वर्षांत खेळ खलास. खलाशांनी मारून खाल्ला म्हणून तो संपला, असं आपण शाळेत शिकलो. हे अर्धसत्य आहे. डोडो हा कबुतराच्या कुळातला, उडणं विसरलेला पक्षी. त्याची अंडी जमिनीवर असत. बेटावर वटवाघळं सोडली तर एकही मूळचा सस्तन प्राणी नव्हता. त्यामुळे अंडं चोरणारा शत्रू कसा असतो, हे त्याला लाखो वर्षांत कधी शिकावं लागलं नव्हतं. उंदीर, डुकरं आणि माकडं आली आणि घरटीच रिकामी होऊ लागली. बंदुकीपेक्षा हा मारा भयंकर होता.

आपल्याला कौतुक वाटावं असा डोडोचा एक धागा हिंदुस्थानात पोहोचतो. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२८ ते १६३४ च्या दरम्यान सुरतेत दोन जिवंत डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरच्या नावावर सांगितलं जाणारं डोडोचं एक रंगीत चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. जिवंत पक्षी पाहून काढलेल्या अगदी मोजक्या चित्रांत अभ्यासक ते धरतात. युरोपात लठ्ठ, बेढब डोडो रंगवले जात असताना मोगल दरबारातला डोडो चांगला सडसडीत दिसतो.

डोडोचे सांगाडे मिळाले तेही याच भागात. विमानतळाजवळ मार ओ सॉन्ज नावाची दलदल आहे. १८६५ मध्ये जवळच्या माएबूर गावातल्या शाळेतले शिक्षक जॉर्ज क्लार्क यांनी तिथे मजूर उतरवले. गढूळ पाण्यात उभं राहून मजुरांनी पायांनी चाचपत हाडं शोधली. तोवर काही विद्वान डोडोला दंतकथाच समजत होते. त्या चिखलातून निघालेल्या हाडांनी जगभरच्या संग्रहालयांना डोडो मिळवून दिला. आज परदेशी पाहुण्यांची विमानं या दलदलीच्या शेजारीच उतरतात.

फेर्नेच्या दरीत शिरल्यावर ऊस मागे पडतो आणि जंगल सुरू होतं. हे जंगलही बरंचसं परकं आहे. चिनी पेरूच्या दाट झाडीने मूळची झाडं गिळली आहेत. मॉरिशसच्या मूळ जंगलापैकी चांगल्या स्थितीतलं जंगल आज दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. पण या दरीतल्या एका झाडाच्या फांदीवर आम्हाला हवा होता तो पक्षी बसलेला दिसला. पारव्याहून लहान, पोटाकडे पांढरा आणि त्यावर काळे ठिपके, पाठ तांबूस. मॉरिशसची खरुची. वनरक्षकाने एक मेलेला पांढरा उंदीर हवेत भिरकावला. पक्षी फांदीवरून कधी सुटला ते कळलंच नाही. उंदीर खाली पडायच्या आत पंजात गेलेला होता.

१९७४ मध्ये रानात या जातीचे फक्त चार पक्षी माहीत होते. त्यात अंडी घालणारी मादी एकच. जंगलतोड, मांजरं आणि मुंगसं होतीच, वर मलेरियाविरुद्ध फवारलेल्या डीडीटीची भर पडली होती. जगातला सर्वांत दुर्मीळ पक्षी असा लौकिक मिळालेल्या या खरुचीवर खर्च करणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, असं मोठमोठे तज्ज्ञ म्हणत होते. १९७९ मध्ये कार्ल जोन्स हा वेल्सचा तरुण इथे आला. लहानपणी जखमी पक्षी पाळण्याचा नाद असलेल्या या माणसाने साधी युक्ती केली. मादीने घातलेली पहिली अंडी तो काढून घेई आणि उबवणी यंत्रात ठेवी. घरटं रिकामं झालं की मादी पुन्हा अंडी घाली. पिल्लं हातांनी वाढवून रानात सोडली गेली. फेर्नेच्या मागच्या बांबू डोंगररांगेतून खरुची पूर्ण नाहीशी झाली होती. तिथेही ती परत सोडली गेली. आज बेटावर काहीशे खरुच्या आहेत.

दरीतून खाली आलं की माएबूर. मच्छीमारांचं, जरा पेंगुळलेलं गाव. फ्रेंचांनी १७१५ मध्ये बेटाचा ताबा घेतला आणि त्याचं नाव इल द फ्रान्स केलं. १७३५ मध्ये आलेला गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याने राजधानी पोर्ट लुईला नेली, रस्ते, रुग्णालय, गोदी आणि साखरेचे कारखाने उभे केले. हाच पुढे १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास हिसकावणारा. माएबूर हे गाव त्याच्याच नावाने वसलं.

गावाबाहेर एका जुन्या फ्रेंच वाड्यात राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे. ऑगस्ट १८१० मध्ये समोरच्या उपसागरात इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली. नेपोलियनच्या सगळ्या युद्धांत फ्रेंचांनी जिंकलेली, पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेली ही एकमेव सागरी लढाई. इंग्रजांनी उपसागराच्या तोंडावरचं इल द ला पास हे ठाणं घेतलं होतं. पण आतल्या खडकांची त्यांना नीट माहिती नव्हती. चार फ्रिगेटींपैकी दोन प्रवाळात रुतल्या आणि त्यांच्याच खलाशांनी त्या पेटवून दिल्या. तिसरी फ्रेंचांनी पकडली आणि चौथीने शरणागती पत्करली. लढाईत फ्रेंच सेनापती द्युपेरे आणि इंग्रज कप्तान विलोबी दोघेही जखमी झाले. दोघांवर उपचार याच वाड्यात, एका छपराखाली झाले. इतकं करून फ्रेंचांचा आनंद टिकला जेमतेम तीन महिने. नोव्हेंबरच्या अखेरीस इंग्रज उत्तरेकडून उतरले, त्यांच्या फौजेचा मोठा भाग हिंदुस्थानातून आलेला होता, आणि डिसेंबरात बेट त्यांच्या हाती गेलं. मात्र तहात फ्रेंच वसाहतवाल्यांची भाषा, कायदे आणि मालमत्ता जशीच्या तशी ठेवण्याचं मान्य झालं. म्हणूनच दीडशेहून अधिक वर्षं इंग्रजांच्या ताब्यात राहूनही बाजारात आजही क्रिओल आणि फ्रेंचच ऐकू येते.

संग्रहालयातल्या एका घंटेपाशी शाळेच्या मुलांची गर्दी होती. १७४४ मध्ये बेटाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ फुटलेल्या सें जेराँ या जहाजाची ही घंटा. त्या अपघातावरून बेर्नार्दें द सें-पिएर याने 'पॉल आणि व्हर्जिनी' ही कादंबरी रचली आणि साऱ्या युरोपला रडवलं. व्हर्जिनीच्या दुःखाचे पुतळे बेटावर जागोजाग आहेत. पण त्या काळात उसाच्या फडात राबणाऱ्या हजारो गुलामांची नावं कुठल्याच घंटेवर नाहीत.

दुपारचं जेवण बाजारातल्या एका गाडीवर झालं. डाळपुरी हा मॉरिशसचा राष्ट्रीय नाश्ता म्हणायला हरकत नाही. पुरणपोळीतला गूळ काढून हळद-जिरं घातलं तर जे होईल, ते. वर वालाच्या जातीच्या दाण्यांचा रस्सा आणि हिरवी तिखट चटणी. ही बिहारी मजुरांबरोबर आलेली. तिच्याशेजारच्या कढईत डाळीचे तिखट वडे तळले जात होते, त्यांना क्रिओलमध्ये गातो पिमा म्हणतात. याच गावात १८७० पासून कसाव्याच्या कंदाची बिस्किटं बनवणारा एक कारखाना आहे. आफ्रिका, अमेरिका, बिहार आणि फ्रान्स असे चार प्रदेश एका रस्त्यावर खाऊन होतात.

जेवताना काका बोलते झाले. १ फेब्रुवारी १८३५ ला इथली गुलामी कायद्याने संपली. मळेवाल्यांना नुकसानभरपाई म्हणून ब्रिटिश सरकारने सुमारे वीस लाख पौंड दिले. गुलामांना मिळाली ती आणखी काही वर्षांची सक्तीची 'उमेदवारी'. आता मजूर आणायचे कुठून? उत्तर आधीच मिळालेलं होतं. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' या जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर पोर्ट लुईत उतरले होते. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. हा प्रयोग साम्राज्याला इतका मानवला की १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं याच मार्गाने आली. ही माणसं ज्या धक्क्यावरून चढून येत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. आज देशातल्या दर तीन माणसांतली दोन भारतीय वंशाची आहेत.

कलकत्ता आणि मद्रासपेक्षा मुंबई बंदरातून आलेले थोडे. त्यात बरेचसे कोकणातले, रत्नागिरीच्या बाजूचे. "आमचे पणजोबा रत्नागिरीचे," काका म्हणाले. "गाव कोणतं, ते कुणालाच माहीत नाही. कागदावर फक्त जिल्हा आहे." त्यांचं मराठी स्वच्छ, थोडं पुस्तकी. घरात क्रिओल चालते, मराठी ते शाळेत शिकले. इथल्या शाळांत आजही मराठी विषय घेता येतो आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्याचं पुढचं शिक्षण मिळतं. गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते. कोकणातलं जाखडी नृत्य इथे 'झाकरी' म्हणून टिकलं आहे. चार पिढ्या गाव न पाहिलेली मुलं पायात चाळ बांधून गोल धरतात. "मुंबईला गेलो होतो एकदा," काका म्हणाले, "तिथली मुलं मला विचारत होती, झाकरी म्हणजे काय?"

पॉइंत जेरोमच्या धक्क्यावरून होडीने जेमतेम काही मिनिटांत इल ओ एग्रेत येतं. किनाऱ्यापासून पाऊण किलोमीटरवरचं, अवघं २६ हेक्टरांचं बेट. मुख्य बेट काळ्या बसाल्टचं, तर हे पांढुरक्या, अणकुचीदार, मेलेल्या प्रवाळाचं. १९६५ मध्ये ते राखीव झालं आणि ऐंशीच्या दशकापासून मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ते सांभाळते. उतरण्यापूर्वी तिथल्या रेंजर मुलीने सगळ्यांना बूट ब्रशने घासायला लावले, पिशव्या उघडायला लावल्या. एक बी, एक मुंगी, एक उंदीर चुकून आला तर वर्षानुवर्षांची मेहनत मातीमोल होईल.

मेहनत म्हणजे काय, ते पाचच पावलांत कळलं. हे बेट कधीकाळी तोडलेलं, चरलेलं, तणांनी भरलेलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज लष्कराने इथे तोफा बसवल्या, त्यांचे सिमेंटचे ओटे अजून आहेत. १९९१ मध्ये उंदीर संपवले. सुबाभळीसारखी बाहेरून आलेली झाडं उपटली. पुन्हा उगवतात, पुन्हा उपटतात. मूळची झाडं रोपवाटिकेत वाढवून एकेक लावली. हिंदुस्थानातून आलेली चिचुंद्री मात्र हटवण्याचा एक प्रयत्न फसला. कोकणात घराच्या पडवीत चुकचुकणारा हा प्राणी इथे पालींच्या मुळावर उठला आहे.

पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एबनी. डचांनी ज्याच्यासाठी बेट बोडकं केलं, त्याच वंशातली ही जात. आमच्या अपेक्षेच्या मानाने ही झाडं किरकोळ दिसली. मनगटाएवढं खोड, गडद चामड्यासारखी पानं. वाढ इतकी मंद की असं झाडसुद्धा कित्येक दशकांचं असू शकतं. जंगल तयार व्हायला शतकं लागणार, आणि हे तिथल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक आहे.

वळणावर रस्ता अडवून एक कासव बसलं होतं. अल्दाब्रा बेटांवरचं महाकासव. पूर्ण वाढलेला नर अडीचशे किलोपर्यंत जातो. आम्ही पाहिलेल्याची मान म्हाताऱ्या पैलवानाच्या दंडासारखी सुरकुतलेली. ते आमच्याकडे न बघता फांदीवरची पानं ओढत होतं. रेंजरने काठीने त्याच्या मागची वाळलेली विष्ठा फोडली. आत एबनीच्या पिवळट गाभ्याच्या चपट्या, चकचकीत बिया. या झाडाची मोठी फळं पूर्वी मॉरिशसची मूळ महाकासवं खायची आणि बिया लांबवर टाकायची. खलाशांनी ती जिवंत शिदोरी म्हणून जहाजांवर लादून लादून संपवली. मग फळं झाडाखालीच पडून कुजायची. २००० च्या सुमारास इथे अल्दाब्राची कासवं सोडण्यात आली, आणि काही वर्षांत बेटाच्या उघड्या भागांत एबनीची रोपटी उगवू लागली. कासवाच्या पोटातून गेलेली बी चांगली रुजते, हेही तपासून सिद्ध झालं.

मला सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटलं ते इथे. दिवसभर परक्यांनी केलेला नाश पाहत आलो होतो आणि इथे मूळचं जंगल वाचवायला मुद्दाम एक परका आणला होता. तेही आपली जात वाचवून आलेला. १८७४ मध्ये डार्विनसह काही शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहून अल्दाब्राच्या कासवांना वाचवण्याची विनंती केली होती.

गुलाबी कबुतर दिसायला मात्र थांबावं लागलं. रेंजर एका खाद्यपेटीपाशी उभी राहिली. पेटीत गहू आणि मका. झाकण असं की कबुतराच्या वजनानेच उघडावं. थोड्या वेळाने एक पक्षी उतरला. डोकं आणि छाती फिकट गुलाबी, पंख तपकिरी, शेपूट तांबूस. दोन्ही पायांत रंगीत कडी. त्या कड्यांच्या रंगांवरून तिने त्याची जन्मतारीख, आई-वडील आणि जोडीदार सांगितला. १९९० च्या आसपास रानात असे दहाच्या आसपास पक्षी उरले होते. लेखक-प्राणिसंग्राहक जेराल्ड डरेल १९७६ मध्ये इथे आला, त्याने पुढे या पक्ष्यावर पुस्तक लिहिलं आणि आपल्या जर्सीच्या प्राणिसंग्रहालयात त्यांची पैदास करवली. आज मॉरिशसभर चारशे-पाचशे गुलाबी कबुतरं आहेत. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत त्याचं स्थान 'धोक्यात'वरून 'असुरक्षित'वर आलं.

पण रेंजर विजयाचं भाषण करत नव्हती. दहा पक्ष्यांतून वाढलेल्या पाचशे पक्ष्यांचं रक्त फार जवळचं असतं. नव्या जनुकांची भर पडली नाही तर ही जात पन्नास ते शंभर वर्षांत पुन्हा संपू शकते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणून युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत वाढलेल्या पक्ष्यांचा उपयोग करायचं चाललं आहे. बाहेरच्या पारव्यांकडून आलेला एक घशाचा रोग पिल्लांना मारतो, तोही आहे. त्यामुळे खाद्यपेटी, कडी आणि नोंदवही यांना निवृत्ती नाही.

परतीच्या वाटेवर दीड वीत लांबीची, तपकिरी चमकदार टेल्फेअर सापसुरळी पानांतून सरसरत आली आणि चक्क एका प्रवाशाच्या बुटावर चढली. उंदरांमुळे ही सापसुरळी मॉरिशसच्या किनाऱ्यांवरून नाहीशी होऊन उत्तरेकडच्या राउंड आयलंडवरच उरली होती. २००६-०७ मध्ये ती इथे परत आणली. माणसाची तिला मुळीच भीती वाटत नाही. डोडोलाही वाटली नसावी.

होडीतून परतताना रेंजरने दूर, पॉइंत देस्नीच्या बाजूला, प्रवाळरांगेवर फुटणारी पांढरी लाट दाखवली. २५ जुलै २०२० ला जपानी मालकीचं 'वाकाशिओ' हे जहाज तिथे आदळलं आणि ६ ऑगस्टपासून त्यातलं तेल गळून सुमारे हजार टन या निळ्या पाण्यात पसरलं. एग्रेतच्या किनाऱ्यालाही काळा थर लागला. फाउंडेशनच्या लोकांनी रोपं, पक्षी आणि सरडे-पाली हलवायला सुरुवात केली. कोरोनाचे दिवस होते. तरी हजारो माणसं किनाऱ्यावर जमली आणि कापडाच्या पिशव्यांत उसाचं पाचट भरून, ती शिवून, तेल अडवणारे लांबच लांब तरंगते अडसर बनवू लागली. लोकांनी केस कापून दिले. ज्या उसासाठी जंगल तोडलं, माणसं विकत आणली, दगड उपसले, त्याच उसाचं पाचट त्या दिवशी मूळच्या रहिवाशांच्या कामी आलं.

ऊस आता पूर्वीसारखा राजा नाही. युरोपकडून मिळणारा हमीभाव एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संपला. देश पर्यटन, कापड आणि वित्तीय सेवांवर चालतो. पण मॉरिशसचं राजचिन्ह १९०६ चं आहे आणि त्यावर ऊसच आहे. ढालीच्या एका बाजूला डोडो, दुसऱ्या बाजूला जावाहून आणलेलं हरीण आणि दोघांच्या पुढ्यात उसाची कांडी. एक इथलाच असून संपलेला, दुसरा परका असून मजेत असलेला. वसाहतवाल्यांनी काढलेल्या या चित्रात बेटाची सगळी गोष्ट आली आहे. त्यांना ती दिसली असेल की नाही, कोण जाणे.

२०२२ मध्ये मॉरिशसने खरुचीला राष्ट्रीय पक्षी केलं. संपलेल्या पक्ष्याचं नाव मिरवणं सोपं असतं, त्याला दाणापाणी लागत नाही. खरुचीचं तसं नाही. तिचं जंगल राखावं लागतं, मुंगूस-मांजरांवर पहारा ठेवावा लागतो आणि हे करणारी सगळी माणसं वेगवेगळ्या जहाजांतून उतरलेल्यांची वंशज आहेत. त्यांनी जिवंत पक्षी निवडला आणि त्याच्याबरोबर रोजचं कामही.